‘अचानक’ या शब्दाचा पंचनामा



या अंकाचं संपादकीय तान्ह्या पोरांच्या मरणावर आहे. त्या मरणाची चौकशी कोण करतं, कशी करतं, का करत नाही आणि कायदा त्याबद्दल काय म्हणतो, यावर. विषय ऐकूनच काही दोस्तांनी नाक मुरडलं. म्हणाले, ॲट्रॉसिटीवर लिहा, आरक्षणावर लिहा, खासगीकरणावर लिहा. दूध, दुपटी, पाळणा हे काय चळवळीचे विषय आहेत? आम्ही त्यांना एवढंच विचारलं, तुझ्या आजीला पोरं झाली किती आणि जगली किती? सगळे थांबले. बोटं मोजायला लागले. आपल्या कुठल्याही घरात हा आकडा दोन तुकड्यांत सांगितला जातो. झाली आठ, वाचली पाच. मधली तीन कुठे गेली? ‘अचानक गेलं.’ ‘रात्री पिऊन झोपलं ते सकाळी उठलंच नाही.’ ‘दृष्ट लागली.’ ‘सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं.’

सटवाई निदान कपाळावर काहीतरी लिहिते तरी. सरकार तेही लिहीत नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या घरात काय झालं ते आठवा. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. रमाईची चार लेकरं गेली. राजरत्न गेला १९२६ साली. तेव्हा बाप कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर होता. अख्ख्या मुंबई इलाख्यात एवढं शिकलेली माणसं बोटांवर मोजावी लागतील, आणि तरी त्याच्या घरात पाळणा पुन्हा पुन्हा रिकामा होत होता. रमाईच्या त्यागाची गाणी आपण जयंतीला लाउडस्पीकर लावून ऐकतो, डोळे पुसतो. पण त्या चार मरणांत नुसता त्याग नाही. त्यांत परळची चाळ आहे, कोंदट खोली आहे, अर्धपोटी बाळंतीण आहे, जातीने ठरवलेली गरिबी आहे. आणि बाबासाहेब नुसते रडत बसले नाहीत. राजरत्न जाऊन दोन वर्षं झाली होती. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं, तेव्हा ते त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली तो कायदा झाला. तान्ह्या पोराचं मरण हा घरातला शोक नाही, तो कायदेमंडळातला प्रश्न आहे, हे आपल्याला शिकवणारा माणूस कोण होता हे विसरू नका. तेव्हा हा ‘बायकांचा विषय’ वगैरे बकवास बंद.

आता मुद्द्यावर येऊ.

जगात धडधाकट दिसणारी बाळं खरोखरच झोपेत मरतात. ना ताप, ना खोकला, ना मार. डॉक्टरी शास्त्राने १९६९ साली याला नाव दिलं. मराठीत म्हणायचं तर आकस्मिक शिशुमृत्यू. पण नाव देताना एक अट घातली, आणि ती नंतर अधिक कडक केली. वर्षाच्या आतलं बाळ गेलं, त्याचं पोस्टमॉर्टेम झालं, ते जिथे झोपलं होतं ती जागा तपासली, त्याच्या आजारपणाचा आणि बाळंतपणाचा सगळा इतिहास पाहिला, आणि एवढं सगळं करूनही कारण सापडलं नाही, तरच हे नाव लावायचं. नीट लक्षात घ्या. तिकडे ‘कारण सापडलं नाही’ हे चौकशीचं शेवटचं वाक्य असतं. आपल्याकडे ते पहिलंच वाक्य असतं आणि त्यानंतर दुसरं वाक्य नसतं.

या संपादकीयाचा सगळा गाभा एवढाच आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा.

पहिला पुरावा अमेरिकेचा. ज्यांच्यावरून आपल्या पँथरने नाव घेतलं त्या काळ्या पँथरांच्या देशाचा. १९७२ साली इकडे मुंबईत दलित पँथर जन्माला आली. त्याच वर्षी तिकडे सिनेटची एक उपसमिती वॉल्टर मॉन्डेल यांच्या अध्यक्षतेखाली बसली आणि झोपेत मेलेल्या बाळांच्या आईबापांना बोलावून त्यांच्या कहाण्या ऐकू लागली. बाळ गेलं की दारात पोलिस यायचा. शोक करायचा की जबाब द्यायचा, हेच आईला कळत नसे. या सुनावण्यांतून १९७४ साली कायदा आला. त्याने संशोधनाला पैसा दिला, आईबापांना माहिती आणि आधार द्यायची सोय केली. चौकशी कशी करायची ते मात्र राज्याराज्यांवर सोडलं. कुठे डॉक्टर तपासणार, कुठे निवडणूक जिंकून आलेला कोरोनर, ज्याला डॉक्टर असायचीही गरज नाही. एकाच मरणाला एका गावात एक नाव, दुसऱ्या गावात दुसरं. १९९६ साली पहिल्यांदा सगळ्या देशासाठी चौकशीचा एकसारखा नमुना फॉर्म निघाला. बाळ पालथं होतं की उताणं, अंथरूण कसलं, सोबत कोण होतं, खोलीत धूर होता का, असे साधे प्रश्न. २०२० सालच्या शेवटच्या दिवशी आणखी एक कायदा झाला, तो ही चौकशी आणि तिचे आकडे सुधारण्यासाठीच.

विचाराल, प्रश्न विचारून काय मिळालं? ऐका. मेलेल्या बाळांची आणि जगलेल्या बाळांची झोपायची रीत ताडून पाहिली तेव्हा कळलं की पालथं झोपवलेली बाळं जास्त मरतात. मग १९९१ साली इंग्लंडमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत मोहीम निघाली : बाळाला उताणं झोपवा. त्यानंतर दहाबारा वर्षांत अमेरिकेत ही मरणं निम्म्यावर आली. ना नवी लस, ना नवं मशीन. नुसता एक प्रश्न हजारो घरांत एकसारखा विचारला आणि त्याचं उत्तर एका ठिकाणी मांडलं. नोंद ही काही बाबूगिरी नाही दोस्तांनो, नोंद हे औषध आहे.

पण हे औषधही कातडीचा रंग बघूनच पोचलं. आजही अमेरिकेत दरसाल साडेतीन हजारांवर बाळं अशी अकस्मात जातात. त्यांत काळ्या बाळांचं प्रमाण गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि तिथल्या मूळनिवासींचंही तसंच. आपण हे ठामपणे सांगू शकतो, कारण तिकडच्या दाखल्यावर वंशाचा रकाना असतो. तो रकाना नसता तर तिथलं सरकारही छाती काढून म्हणालं असतं, आमच्याकडे सगळी बाळं सारखीच मरतात.

आणि काळ्या पँथरांना ही गोष्ट आधीच कळली होती. त्यांच्या हातातली बंदूक सगळ्यांना दिसली. १९७० नंतर त्यांनी शहराशहरांत काढलेले फुकट दवाखाने फार थोड्यांना दिसले. काळ्यांमध्ये जास्त आढळणाऱ्या सिकलसेल आजाराकडे गोरं वैद्यक ढुंकून बघत नव्हतं, तेव्हा वस्तीत टेबलं मांडून रक्त तपासणारे तेच होते. १९७२ साली त्यांनी आपल्या दहा कलमी कार्यक्रमात फुकट आरोग्यसेवेची मागणी घातली. आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, जॅकेट घेतलं, मूठ घेतली. ते टेबल घ्यायचं अजून बाकी आहे.

दुसरा पुरावा इंग्लंडचा, आणि तो उलट्या बाजूचा आहे. चौकशी पाहिजे म्हणून ओरडणाऱ्या प्रत्येकाने तो आधी वाचावा. सॅली क्लार्क नावाची एक बाई. स्वतः वकील. तिची दोन बाळं एकामागून एक गेली. १९९९ साली कोर्टाने तिला दोघांच्या खुनाबद्दल जन्मठेप दिली. एक नामांकित बालरोगतज्ज्ञ साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, एवढ्या चांगल्या घरात दोन बाळं आपोआप जाण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक. हिशेबच चुकीचा होता. पहिल्या बाळाला जे कारण असेल तेच दुसऱ्यालाही असू शकतं, दोन मरणं म्हणजे दोन वेगळी नाणी उडवणं नव्हे. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर पत्रक काढून हे सांगितलं. दुसऱ्या बाळाच्या तपासणीत जंतुसंसर्गाचा पुरावा सापडला होता, तो बचावापर्यंत पोचलाच नव्हता. २००३ साली ती सुटली. २००७ साली मेली. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोल्बिग या बाईने चार मुलांच्या मरणापायी वीस वर्षं तुरुंगात काढली. दोन मुलींमध्ये हृदयावर परिणाम करू शकणारा जनुकीय दोष सापडला. २०२३ साली तिला माफी मिळाली आणि त्याच वर्षी शिक्षाही रद्द झाली.

आता कल्पना करा. जिच्याकडे वकिली होती, गोरी कातडी होती, नवरा पाठीशी होता, तिची ही गत. मग कचरा वेचणाऱ्या, नाक्यावर बिगारीला उभ्या राहणाऱ्या, पारध्याच्या पालावरच्या आईची काय होईल? जिच्या जातीचं नाव उच्चारलं की हवालदाराचा हात आपोआप काठीकडे जातो, तिच्या झोपडीत पंचनाम्याला कोण येणार आणि काय लिहिणार?

म्हणून इंग्लंडने काय केलं तेही बघा. हेलेना केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली २००४ साली अहवाल आला. त्याने सांगितलं, चौकशी एकट्या पोलिसाची नको, एकट्या डॉक्टरचीही नको. बालरोगतज्ज्ञ, पोलिस, परिचारिका, समाजसेवक यांनी मिळून, ठरलेल्या पद्धतीने, आईबापांशी माणुसकीने वागून ती करावी. आणि २००८ पासून अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मरणाचा आढावा एका समितीपुढे घेणं कायद्याने बंधनकारक झालं. प्रत्येक मुलाच्या. प्रश्न ‘दोषी कोण’ एवढाच नाही. प्रश्न असा की हे मरण टळलं असतं का, आणि पुढचं कसं टाळायचं?

आता घरी या. आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे १९६९ चा जन्ममृत्यू नोंदणी कायदा आहे. मृत्यू झाला की २१ दिवसांत खबर द्यायची. कारणाचा दाखला डॉक्टरने फुकट द्यायचा. दवाखान्यात मेलं तर चार नंबरचा फॉर्म, घरी मेलं आणि कुणी डॉक्टर इलाज करत असेल तर चार-अ. आणि कुणी डॉक्टर इलाज करतच नसेल तर? तर कारणाचा प्रश्नच मिटला. कायदा शांतपणे पुढे जातो. २०२० साली देशात नोंदलेल्या मरणांपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेली मरणं सुमारे २२.५ टक्के होती. म्हणजे शंभरातली सत्त्याहत्तर माणसं कशाने मेली हे सरकारला डॉक्टरी पुराव्याने माहीतच नाही. आणि जिथे लिहिलं जातं तिथे तरी काय लिहितात? ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडला. अरे भल्या माणसा, हे कारण नव्हे, ही मरणाची व्याख्या आहे. फाशी दिलेल्याचं, बुडालेल्याचं आणि उपाशी मेलेल्याचंही हृदय बंदच पडतं.

दुसरं दार पोलिसांचं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. ठाण्याच्या भाषेत ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद. मरण संशयास्पद वाटलं, अपघाताचं वाटलं तरच हे दार उघडतं. मग पोलिस येणार आणि शेजारच्या दोन ‘प्रतिष्ठित’ रहिवाशांसमोर पंचनामा करणार. कायद्यातलाच शब्द आहे हा. आमच्या वस्तीत प्रतिष्ठित कोण ते हवालदार ठरवणार. गुत्तेवाला? नगरसेवकाचा चमचा? झोपडीदादा?

म्हणजे आपल्या आईपुढे दोनच दारं. एका दारामागे कुणीच काही विचारत नाही. दुसऱ्या दारामागे तिलाच गुन्हेगार समजून विचारतात. तिसरं दार हवं आहे आणि ते कायद्याने बांधलेलं हवं आहे.

कुणी म्हणेल, तिसरं दार आहे की. बालमृत्यू अन्वेषण. २०१४ साली केंद्र सरकारने त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पाच वर्षांखालचं मूल गेलं की आशाताईने कळवायचं, घरी जाऊन आईची मुलाखत घ्यायची, तालुक्याला आणि जिल्ह्याला समितीपुढे मांडायचं. कागदावर सुंदर आहे. पण मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे. ती पाळली नाहीत म्हणून आईला कुठल्याच कलमाने दाद मागता येत नाही. समितीत काय ठरलं ते तिला कुणी वाचून दाखवत नाही. आणि खालून माहिती गोळा करते कोण? तुटपुंज्या मोबदल्यावर राबणारी आशाताई, जिची स्वतःची नोकरी नोकरी म्हणून मोजली जात नाही.

कधीकधी सरकारला अचानक जाग येते. कधी? मरणं घाऊक झाली की. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. मंत्री धावले, समिती बसली, मदत जाहीर झाली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यांत बारा नवजात होती. पुन्हा मंत्री, पुन्हा समिती. दहा बाळं एका रात्रीत गेली तर दुर्घटना. तीच दहा बाळं दहा वस्त्यांत दहा रात्रींत गेली तर काहीच नाही. मरायचंच असेल तर आमच्या पोरांनी एकगठ्ठा मरावं, एवढीच व्यवस्थेची अपेक्षा दिसते.

आता जातीचा हिशेब. आपल्या मृत्यू नोंदणीच्या फॉर्मवर मेलेल्याचा धर्म विचारतात, जात विचारत नाहीत. म्हणजे नोंदणी दप्तर उलटून कुणाची किती पोरं जातात हे सांगताच येत नाही. ते कळतं फक्त नमुना पाहणीतून. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत जाणारी बाळं अशी आहेत : अनुसूचित जातींत सुमारे ४१, अनुसूचित जमातींत सुमारे ४२, आणि दलित, आदिवासी, ओबीसी यांपैकी कुणीच नसलेल्या ‘इतरां’त सुमारे २९. हजारामागे बारा पोरांचा फरक. ही बारा पोरं काही नशिबाने जात नाहीत. कुणी तलवार उचलत नाही, कुणी झोपडी पेटवत नाही, म्हणून ॲट्रॉसिटीची फिर्याद लागत नाही. पण बारा ती बाराच.

आणि खरं सांगायचं तर आपल्याकडची बहुतेक बाळं गूढ कारणाने जातच नाहीत. दोन तृतीयांशाहून जास्त पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जातात. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, वजन कमी, जन्मताना गुदमरलेलं, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया. सगळी नावं डॉक्टरांना पाठ आहेत. आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर विटा वाहिल्या म्हणून दिवस भरले नाहीत. पोटात अन्न नव्हतं म्हणून वजन भरलं नाही. काचेच्या पेटीत जागा नव्हती म्हणून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पाठवलं आणि रिक्षातच श्वास थांबला. याला ‘अचानक’ म्हणायचं? २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली, टाळ्या वाजल्या. ती मिळाली कचेरीतल्या बाईला. नाक्यावरच्या बाईचा मालकच रोज बदलतो, ती रजेचा अर्ज कुणाला देणार?

विचारलं की वाचतं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत हेच केलं. प्रत्येक बाळाचा जन्म आणि प्रत्येक मरण मोजलं, कारण विचारलं, आणि गावातल्याच बायकांना न्यूमोनिया, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांची मरणं ६२ टक्क्यांनी कमी झाली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. पुढे २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिलं की महाराष्ट्रात खरोखर मरणारी बालकं सरकारी वहीतल्या बालकांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणजे पोरं दोनदा मारली जात होती. एकदा झोपडीत आणि एकदा वहीत.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत.

एक, वर्षाच्या आतल्या प्रत्येक मरणाची चौकशी कायद्याने बंधनकारक करा. परिपत्रक नको, कायदा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तो करावा.

दोन, त्या चौकशीला पहिल्यांदा दारात येईल ती परिचारिका आणि डॉक्टर, सोबत वस्तीतली एक बाई. खुनाचा ठोस संशय असल्याशिवाय पोलिसाने उंबरा ओलांडायचा नाही. आईचा जबाब तिच्याविरुद्ध वापरायचा नाही.

तीन, पोस्टमॉर्टेम फुकट, चोवीस तासांत, आणि त्याचा अहवाल आईबापांना मराठीत समजावून सांगायचा. ‘बाळाची चिरफाड नको’ म्हणणाऱ्या आईवर जबरदस्ती नको. सुईने नमुने घेऊन कारण शोधायची पद्धत आज आहे, ती सरकारी रुग्णालयांत आणा.

चार, फॉर्मवर जात लिहा. घर कसलं, पाणी कुठलं, आई गरोदरपणी काय काम करत होती, किती दवाखाने फिरली, कुठे परत पाठवली, तेही लिहा. नाव गुप्त ठेवा, पण आकडा चव्हाट्यावर मांडा.

पाच, दरवर्षी वॉर्डवार, तालुकावार अहवाल विधिमंडळापुढे ठेवा. टळू शकलं असतं असं प्रत्येक मरण कुणाच्या कामचुकारपणाने टळलं नाही, ते त्यात असावं.

चौथ्या मागणीवर आपल्यातलेच काही कुरकुरतील. म्हणतील, जातीचा आकडा बाहेर आला की हेच भडवे म्हणणार, बघा, यांना पोरं सांभाळता येत नाहीत. म्हणणारच. ते आजही म्हणतात. आकडा नसताना त्यांच्या तोंडाला कुलूप आहे असं कुणाला वाटतं का? म्हणून तर नुसती जात लिहायची नाही, जातीसोबत पाणी, वीट, रिक्षा आणि परत पाठवणारा दवाखानाही लिहायचा. मग आकडा आईकडे बोट दाखवणार नाही, वर बोट दाखवेल.

दुसरे म्हणतील, चौकशी म्हणजे शेवटी सरकार घरात घुसवणं. भीती खरी आहे. ज्यांच्या आज्याला जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, त्यांना ‘चौकशी’ या शब्दाचा वास लगेच येतो. सॅली क्लार्कची गोष्ट आम्ही त्यासाठीच सांगितली. पण सरकार दाराबाहेर ठेवून आपली पोरं वाचली का? भीतीचा इलाज कायद्याच्या मजकुरात आहे. कोण येईल, काय विचारेल, काय विचारणार नाही, हे आपण लिहून घ्यायचं. आपण लिहिलं नाही तर ते लिहितील.

तोवर हातात काय आहे? थोडं आहे, पण आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दवाखाना सरकारी असो की खासगी, तिथे मरण झालं तर कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला फुकट द्यावीच लागते. वस्तीत बाळ गेलं तर त्या घरच्या माणसाबरोबर जा. मातीची तयारी करणारे चारजण असतात, दाखला मागणारा एकजण तू हो. दाखला वाच. ‘हृदय बंद’ एवढंच असेल तर विचार, डॉक्टरसाहेब, ते कशाने बंद पडलं? आवाज चढवू नकोस, पण हलू नकोस. त्या आईला मात्र काही विचारू नकोस. ती बोलेल तेव्हा ऐक. आणि ज्या घरात तान्हं आहे तिथे सांग, बाळाला उताणं झोपवा, तोंडावर गोधडी येऊ देऊ नका, खोलीत विडी-सिगारेट नको. एवढं सांगायला कायदा लागत नाही.

मग दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज कर. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाहीत. वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याला तीन प्रश्न विचार. गेल्या वर्षी या वॉर्डात वर्षाच्या आतली किती बाळं गेली? त्यांतल्या किती मरणांचं अन्वेषण झालं? समितीने काय ठरवलं आणि त्यातलं काय केलं? वरळी, घाटकोपर, गोवंडी, येरवडा, ताडीवाला रोड, इंदोरा, जिथे जिथे आपली शाखा आहे तिथून एकेक अर्ज गेला पाहिजे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तर ते, आणि नाही आलं तर तारखेसकट तसं, आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकाचं हे पान वॉर्डवार आकड्यांसाठी राखून ठेवलं आहे. पत्ता मलपृष्ठावर आहे.

जय भीम.

– संपादक